साडेपाच इंचांचा वारसा

पिकअपला बाजारातली नवी चाके बसवायची म्हटले की दुकानदार आधी पीसीडी विचारतो. चाकाच्या सगळ्या बोल्टांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा तो व्यास. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा बोलेरोसाठी उत्तर असते : पाच बोल्ट, १३९.७ मिलिमीटर. हा आकडा चमत्कारिक आहे. मेट्रिक मापांत विचार करणाऱ्या अभियंत्याने कोऱ्या कागदावर चाक आखले असते, तर सरळ १४० घेतले असते. पण १३९.७ ला २५.४ ने भागले की बरोबर साडेपाच येतात. म्हणजे हे माप मुळात इंचांतले आहे आणि त्याचा माग थेट अमेरिकेत जातो.

फोर्डने १९२५ साली मॉडेल टीवर कारखान्यातूनच मालाचा हौदा बसवून पिकअप विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. तिची लाकडी आऱ्यांची चाके हबपासून सहज सुटत नसत. त्यामुळे चाक निवडण्याचा प्रश्न फारसा येत नव्हता. बदलायचा तो टायर, फार तर रिम. १९२८ च्या मॉडेल एला मात्र पाच नट सोडवून अख्खे काढता येणारे तारांचे चाक आले आणि त्याच्या बोल्टांचे वर्तुळ साडेपाच इंचांचे होते. चाक सुटे झाले, तेव्हाच दुसरे चाक बसेल की नाही हा प्रश्नही जन्माला आला.

दुसऱ्या महायुद्धात विलिज कंपनीच्या जीपलाही पाच बोल्ट आणि साडेपाच इंच हेच माप होते. विलिजला मागणी पुरी करणे शक्य नव्हते, म्हणून फोर्डलाही त्याच आराखड्यावर जीप बनवायला लावले. रणांगणावर एका जीपचे चाक दुसरीला बसलेच पाहिजे, ही सैन्याची अट होती. दोन्ही कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप काढल्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली आणि गाडीबरोबर तिच्या हबचे मापही आले. १९५६ साली मापांचा कायदा झाला, पुढे बाजारात मीटर आणि किलो रुळले. हब मात्र बदलला नाही. तो बदलायचा तर साचे, सुटे भाग आणि गावोगावच्या गॅरेजांत पडलेली जुनी चाके, सगळेच निकामी झाले असते. साडेपाच इंचांनी फक्त नाव बदलले.

खुद्द फोर्डने १९९७ च्या एफ-१५० पिकअपला हे माप सोडून पाच बोल्ट आणि १३५ मिलिमीटर घेतले, तर २००४ मध्ये सहा बोल्ट आणि १३५. खरा धोका इथे आहे. १३९.७ आणि १३५ यांत फरक पाच मिलिमीटरांहून कमी. शिवाय पाच बोल्टांच्या चाकात समोरासमोर भोके येत नाहीत, म्हणून व्यास थेट मोजता येत नाही. शेजारच्या दोन भोकांमधले अंतर घेऊन ०.५८८ ने भागावे लागते. त्या अंतरातला फरक तर तीन मिलिमीटरांच्याही आत येतो. टेपने मोजणाऱ्याला तो सहज निसटतो. पाना जोरात फिरवला की चाक ‘बसते’ही. पण नटाचा निमुळता भाग भोकात नीट टेकत नाही, सगळा ताण बोल्टांवर येतो. नट ढिले होतात, बोल्ट तुटतात आणि भरलेल्या गाडीचे चाक रस्त्यावर निखळते.

टायरवरचा आकडा हाही असाच थरांचा इतिहास आहे. २६५/७०आर१७ यात रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची त्या रुंदीच्या टक्क्यांत आणि रिम इंचांत. हिशेब केला तर टायरची एकूण उंची सुमारे ८०३ मिलिमीटर भरते. मॉडेल टीच्या ३० × ३½ या मापात उलट बाहेरची उंचीच आधी दिलेली असे. रिम तेवीस इंचांची, हे वजाबाकीने काढावे लागे. मिशेलिनने १९७० च्या दशकात टीआरएक्स नावाने रिमही मिलिमीटरमध्ये आणून पाहिली. ३९० मिलिमीटरच्या त्या रिमवर दुसरा टायर बसेना. ती पद्धत रुजली नाही आणि ज्यांनी ती घेतली, त्यांच्यावर टायर शोधत फिरण्याची पाळी आली.

माल वाहणाऱ्याने आणखी एक आकडा पाहायला हवा : भार-निर्देशांक. ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, १०० म्हणजे ८००. रुंद, देखणा, पण कमी निर्देशांकाचा टायर रिकाम्या गाडीला शोभतो. हौद्यात टोमॅटोचे क्रेट भरले की त्याची परीक्षा होते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. पण नियमाच्या आधी हबचे माप आहे. गाडी नाशिकची असो वा डेट्रॉइटची, तिच्या हबवर कोणत्या काळाचे माप कोरले आहे हे जाणून घेतल्याशिवाय चाकाची निवड करू नये.