पुतळ्याखालची नावं



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत दोन शब्द लिहावेत, असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. विषय काय घ्यावा हे सुचत नव्हतं. तो माझ्या नातवानेच दिला. १४ एप्रिलला हार घालून झाल्यावर तो म्हणाला, "आजोबा, महाडला हजारो माणसं गेली होती असं तुम्हीच सांगता. मग पुतळा एकट्या बाबासाहेबांचाच का?" आजूबाजूचे हसले. मला मात्र चटकन उत्तर देता आलं नाही. तेच उत्तर इथे लिहितो आहे.

पहिली गोष्ट पोरांना सांगायची ती ही, की पुतळा जमिनीतून आपोआप उगवत नाही. तो कुणीतरी ठरवतं, कुणी वर्गणी काढतं, आणि कुणीतरी आडवंही येतं. १९२५ साली केशवराव जेधे यांनी पुणे नगरपालिकेत महात्मा फुले यांचा पुतळा उभारण्याचा ठराव मांडला. केवढं वादळ उठलं! ठराव फेटाळला गेला. ज्यांनी मुलींसाठी आणि अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, त्यांना त्यांच्याच पुण्यात जागा मिळेना. पुढे ९ डिसेंबर १९५० रोजी कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने फुले आणि बाबासाहेब या दोघांचे पुतळे बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. संसदेच्या आवारात फुल्यांचा पुतळा यायला मात्र २००३ साल उजाडलं. म्हणून पुतळा दिसला की मुलांनी दोन प्रश्न विचारावेत : हा कुणाचा? आणि तो कुणी, कधी बसवला?

दुसरी गोष्ट, दगडावरची अक्षरं वाचायला शिकवावं. भीमा कोरेगावचा स्तंभ इंग्रजांच्या कंपनीने उभारला, तो स्वतःच्या विजयासाठी. आपल्या माणसांचा गौरव करावा हा त्यांचा हेतू नव्हता. पण १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची जी ४९ नावं त्यावर कोरली, त्यात शेवटी 'नाक' असलेली २२ नावं महार सैनिकांची आहेत. शंभर वर्षं तो दगड तिथेच होता. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले आणि त्या नावांना आवाज मिळाला. उभारणाऱ्याच्या मनात एक असतं, वाचणाऱ्याला दुसरंच सापडतं, ते असं.

आणि हे काही फार लांब पाहायला नको. आपल्याच रायगड जिल्ह्यात तळ्याजवळ कुड्याची लेणी आहेत. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या शिलालेखांत राजघराण्यातल्या माणसांबरोबर माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, प्रव्रज्या घेतलेल्या स्त्रिया आहेत. ज्याने दान दिलं त्याचं नाव दगडात आलं. फुलं विकणाऱ्या माळ्याचं नाव राजाच्या माणसांशेजारी कोरायला आपल्या धम्माला कमीपणा वाटला नाही. ही लेणी पोरांना सहलीला घेऊन जाण्यासारखी आहेत.

आता महाड. आपल्या गडबवरून महामार्ग सरळ तिकडेच जातो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण त्यामागे किती हात होते! सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव आणला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तो आपल्या तळ्याला लागू केला, तेव्हा सुरेंद्रनाथ टिपणीस यांनी पुढाकार घेतला. परिषद भरवण्यासाठी महाडकडचेच रामचंद्र बाबाजी मोरे खपले. अनंतराव चित्रे बरोबर होते. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. यांतले कितीतरी जण आपल्या जातीचेही नव्हते, हेही मुलांना सांगावं.

आणि ज्यांची नावं कुठेच नाहीत ते? तेव्हाच्या कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतून आलेली, पाणी प्यायल्यावर मंडपात जेवताना मार खाल्लेली माणसं? डिसेंबरात सभेला आलेल्या आयाबाया? हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं. तोवर दहा वर्षं ज्यांनी कळ काढली, त्यांचा पुतळा कोण करणार?

पुतळा आपल्याला जीवापाड प्यारा आहे. त्याची किंमत आपण मोजली आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि गोळीबारात १० जण गेले. ते काही दगडासाठी मेले नाहीत, माणूस म्हणून असलेल्या मानासाठी मेले. पण त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं, की राजकारणातली व्यक्तिपूजा देशाला हुकूमशाहीकडे नेते. तेव्हा नुसता हार घालून भागत नाही.

म्हणून एक सूचना करतो. विहारात एक जाड वही ठेवावी. प्रत्येक घरच्या पोराने आपल्या आजी-आजोबांना विचारून लिहावं : आपल्या घरातलं महाडला कोण गेलं होतं, १९५६ नंतर दीक्षा कुणी, कुठे घेतली, गावच्या पाणवठ्यावर आपल्याला काय सोसावं लागलं, पहिली शाळा कोण शिकलं. दरवर्षी २० मार्चला वंदना झाल्यावर त्यातली दोन पानं मुलांनीच मोठ्याने वाचावीत. जुनी माणसं एकेक करून चालली आहेत. ती गेली की वहीतली पानं कोरीच राहतील.

नातवाला आता माझं उत्तर असं आहे : बाळा, पुतळा एकाचाच असतो, कारण चबुतऱ्यावर जागा थोडी. बाकीच्यांची जागा तुझ्या वहीत आहे. पहिलं पान तू लिही.

जयभीम! नमो बुद्धाय!