ग्रीक-लॅटिनपासून कलम 300-अ पर्यंत

लंडनमध्ये 1855 साली भारतातल्या मुलकी सेवेची पहिली खुली स्पर्धा परीक्षा झाली. ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी 750 गुण, संस्कृत आणि अरबीला मात्र निम्मेच. ज्या देशावर राज्य करायचं, त्याचे कायदे निवड झाल्यावर शिकायचे!

या चाळणीतून पार पडलेले पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर. त्यांची 1863 साली निवड झाली, नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि पुढे साताऱ्यात ते न्यायाधीश होते. परीक्षा भारतात व्हायला 1922 उजाडलं. तोवर विलायतेचा खर्च न झेपणाऱ्यांना दार बंदच होतं, आणि हा उघड अन्याय होता.

स्वातंत्र्यानंतरही ही परीक्षा बदलत गेली: परीक्षापद्धत तपासणाऱ्या कोठारी समितीच्या शिफारशींवरून 1979 पासून पूर्वपरीक्षा आली.

आज याच परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये लक्ष्मीकांत यांचं राज्यव्यवस्थेचं जाडजूड पुस्तक हमखास दिसतं. त्यात मालमत्तेचा हक्क पाहावा. 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून निघाला आणि कलम 300-अ मध्ये गेला. एवढं पाठ करून गुण मिळतीलही. पण जमीनदारी निर्मूलनाचे खटले आणि संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणारा 1973 चा केशवानंद भारती निकाल सोबत वाचले, तरच संसद आणि न्यायालय यांच्यातला पाव शतकाचा झगडा उलगडतो.