राजगडाच्या पायथ्याची पाली
गुंजण मावळातील राजगडावर सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी नांदत असता गडाचा राजमार्ग पालीच्या बाजूने चढे; अंबारीसह हत्ती जावा एवढी उंच पाली दरवाजाची कमान त्या वर्दळीची साक्ष आजही देते. 1674 च्या राज्याभिषेकापूर्वीच राजधानी रायगडी गेली आणि दरबाराच्या राबत्यावर पोसलेली सुबत्ताही तिच्यामागून ओसरली, हे मला फार जिव्हारी लागते. मागे राहिली ती खाचरांतल्या भातावर आणि नाचणी-वरईच्या वरकस जमिनीवर गुजराण करणारी कुणबी घरे. पुढे येथून तरुण पिढी चरितार्थासाठी शहराकडे उतरू लागली. पुणे जिल्ह्याची वस्ती वाढत असता 2011 च्या शिरगणतीत राजगड ज्यात येतो त्या वेल्हे तालुक्याची मात्र घटून साडेचोपन्न हजारांवर आली.