महाविद्यालयीन टप्पा (फुटबॉल)

फुटबॉलमधील महाविद्यालयीन टप्पा : शालेय वय संपताच क्लबशी व्यावसायिक करार न करता आधी महाविद्यालयात प्रवेश घेणे, विद्यापीठाच्या संघाकडून खेळणे आणि शिक्षण चालू असताना किंवा पदवीनंतर व्यावसायिक होणे, असा मार्ग. अमेरिकेत तो रूढ आहे. भारतात आंतरविद्यापीठ स्पर्धा जुन्या असल्या, तरी त्यांतून व्यावसायिक क्लबकडे नेणारी बांधीव वाट नाही.

बचावपटू आणि वय : हा पर्याय बचावपटूला विशेष लागू पडतो. आघाडीच्या फळीतील खेळाडू सतराव्या-अठराव्या वर्षी नुसत्या वेगावर चमकू शकतो. मधल्या बचावपटूची, म्हणजे ‘स्टॉपर’ची, एक चूक थेट गोल देऊन जाते, त्यामुळे त्या जागी प्रशिक्षक सहसा अनुभवी खेळाडू उभा करतात. ऑफसाइडची रेषा राखणे, उंच चेंडूचा अंदाज घेणे, टॅकल कधी करायची आणि कधी थांबायचे हे ओळखणे, शेजारच्या खेळाडूला ओरडून जागेवर आणणे, ही कामे सामने खेळूनच अंगवळणी पडतात. करार होऊनही राखीव बाकावर बसणाऱ्या तरुणापेक्षा विद्यापीठाकडून नियमित खेळणारा तरुण या बाबतीत फायद्यात राहू शकतो.

अमेरिकेतील पद्धत : तेथील महाविद्यालयीन खेळांचे नियमन प्रामुख्याने नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन करते. चांगल्या खेळाडूंना विद्यापीठे शिष्यवृत्ती देतात. पुरुषांचा मुख्य हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर एवढाच असतो. अनेकदा आठवड्यात दोन सामने होतात आणि बदलून बाहेर काढलेला खेळाडू काही मर्यादेत पुन्हा मैदानात येऊ शकतो. व्यावसायिक फुटबॉलमध्ये ही सवलत नाही. त्यामुळे हा हंगाम अपुरा व सौम्य ठरतो, अशी टीका होते. मेजर लीग सॉकर या तेथील व्यावसायिक लीगने 2008 मध्ये ‘होमग्रोन’ नियम आणला. त्यानुसार क्लबच्या अकादमीत घडलेला खेळाडू महाविद्यालयात गेला, तरी त्याच्यावरचा क्लबचा हक्क कायम राहू शकतो.

या वाटेचे ठळक उदाहरण म्हणजे उजव्या बगलेचा बचावपटू डीआंद्रे येडलिन (जन्म 1993). याच लीगमधील सिएटल साउंडर्स क्लबच्या अकादमीतून तो ॲक्रन विद्यापीठात गेला, 2011 व 2012 हे दोन हंगाम तेथे खेळला आणि जानेवारी 2013 मध्ये साउंडर्सशी करारबद्ध झाला. पुढच्याच वर्षी तो विश्वचषकात खेळला व त्यानंतर इंग्लंडच्या टॉटनहॅमकडे गेला. 2022 च्या विश्वचषकासाठीच्या अमेरिकी संघात आधीच्या विश्वचषकाचा अनुभव असलेला तो एकमेव खेळाडू होता.

भारतातील उदाहरणे : नागा हिल्समधील चांगकी गावचे तालिमेरेन आओ (1918–98) कलकत्त्याच्या कारमायकेल (आताच्या आर. जी. कर) वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना मोहन बागानकडून सेंटर हाफच्या जागी खेळत. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते भारताचे कर्णधार होते. 31 जुलै रोजी फ्रान्सविरुद्ध भारताने दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि सामना 1–2 असा गमावला. त्या संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी होते. परतल्यावर आओ यांनी शिक्षण पूर्ण केले, 1950 मध्ये एम.बी.बी.एस. झाले आणि पुढे नागालँडच्या आरोग्य सेवेत संचालकपदापर्यंत पोचले. अलीकडच्या काळात दिल्लीची बचावपटू डालिमा छिब्बर भारताकडून खेळू लागल्यावर कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाच्या संघात दाखल झाली.

महाराष्ट्र : राज्यातील व्यावसायिक क्लबांचे आयुष्य अल्प ठरले आहे. महिंद्र युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. मुंबई एफसी व डीएसके शिवाजियन्स 2017 मध्ये, तर एफसी पुणे सिटी 2019 मध्ये मैदानाबाहेर गेले. मुंबईकर बचावपटू राहुल भेके (जन्म 1990) यांपैकी मुंबई एफसी व पुणे सिटीकडून खेळलेला आहे. 17 मार्च 2019 रोजी इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाविरुद्ध 117 व्या मिनिटाला हेडरने गोल करून त्याने बंगळुरू एफसीला विजेतेपद मिळवून दिले, तेव्हा तो 28 वर्षांचा होता. बचावपटूचा बहर उशिरा येतो आणि तोवर पायाखालचा क्लब टिकेलच असे नाही, हे दोन्ही या कारकिर्दीत दिसते. जुलै 2025 मध्ये खुद्द इंडियन सुपर लीगचाच पुढचा हंगाम स्थगित करण्यात आला.

जालना जिल्हा : 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आलेल्या मराठवाड्यातील या जिल्ह्याचे नाव देशात पोचवले ते फुटबॉलने नव्हे, क्रिकेटने; येथील विजय झोल 2014 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. मराठवाड्यात इंडियन सुपर लीगचा क्लब नाही. जालन्यातील महाविद्यालये छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्हणून जालन्याच्या खेळाडूची महाविद्यालयीन वाट आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, विद्यापीठ संघाची निवड, पश्चिम विभागीय आणि मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा अशी जाते. अकादमीसाठी मात्र पुणे-मुंबई गाठावी लागते. दहावी-बारावीच्या परीक्षेत पात्र खेळाडूंना सवलतीचे क्रीडागुण मिळतात, तर राज्याच्या शासकीय सेवेत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते.

मूल्यमापन : अमेरिकेत महाविद्यालय ही व्यावसायिक फुटबॉलच्या शिडीचीच एक पायरी आहे, भारतात ते शिडीबाहेरचे आधारस्थान आहे. येथील बचावपटूने महाविद्यालय निवडले, तर पदवी आणि आरक्षित नोकरीची संधी पदरात पडू शकते. क्लबच्या निवड चाचणीची वाट त्याला स्वतंत्रपणे शोधावी लागते.