करारभंगाची नुकसानभरपाई : पुरावा आणि अपील

करारभंगाची नुकसानभरपाई म्हणजे करार मोडल्याने झालेल्या हानीचा पैशातील मोबदला. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ नुसार भंगातून स्वाभाविकपणे उद्भवलेले किंवा करारावेळीच उभयतांना ठाऊक असलेले नुकसान मिळते; दूरचे नाही. याचे मूळ इंग्लंडमधील हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल (१८५४) या गिरणीच्या दांड्याच्या खटल्यात आहे. समजा, अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याच्या व्यापाऱ्याने घाटातल्या सेमाडोहला ज्वारी पोचवण्याचा करार मोडला. तर करारभंगाच्या दिवशीचा सेमाडोहचा भाव वजा कराराचा भाव, हे ढोबळ माप. परतवाड्याचा भाव चालत नाही, कारण त्यात घाटातले भाडे धरलेले नसते. मुरलीधर चिरंजीलाल खटल्यात (१९६१) करारभंगाच्या जागचा, म्हणजे कानपूरचा, भाव सिद्ध न झाल्याने सर्वोच्च न्यायालयाने भरपाई नाकारली. माल जिथे जायचा होता त्या कलकत्त्याचा भाव उपयोगी पडला नाही.

निकाल पटला नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खालील पहिल्या अपिलात पुरावा नव्याने तोलता येतो. अमरावती जिल्ह्यातून दुसरे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जाते. तिथे कलम १०० नुसार कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो, भावाचा वाद सहसा चालत नाही. खटल्यात द्यायची राहिलेली पावती अपिलात दाखल करणे आदेश ४१, नियम २७ मुळे अवघडच. भरपाई करारातच ठरवली असेल, तरी करार अधिनियमाच्या कलम ७४ खालील ती ठरीव रक्कम ही कमाल मर्यादा असते, आपोआप मिळणारा हक्क नव्हे.