मेबॅक, बॅटरी आणि उद्यमनगर : मोटारीचा खरा मालक कोण?

१/
विजयादशमीच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात शमीपूजनासाठी छत्रपती घराण्याचे आगमन होते, तेव्हा सोने लुटायला जमलेल्या लोकांच्या नजरा एका मोटारीवर खिळतात. ती मेबॅक. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील ही जर्मन मोटार. तिला जन्म देणाऱ्या कारखान्याने मोटारी बांधणे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच थांबवले. मोटार मात्र अजून चालते. पेट्रोलची आलिशान गाडी बरी की विजेची, हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना या मोटारीपासून आरंभ करणे उचित ठरेल.

२/
विल्हेल्म मेबॅक हे गॉटलीब डाइमलर यांचे सहकारी. त्यांचे पुत्र कार्ल यांनी झेपेलिन या महाकाय हवाई जहाजांसाठी इंजिने घडवली. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमान-उद्योगावर निर्बंध आले आणि मेबॅक मोटारींकडे वळले. १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात त्यांची पहिली मोटार आली. पुढील दोन दशकांत सुमारे १,८०० मोटारी बनल्या. कारखाना बहुधा केवळ इंजिन आणि सांगाडा देई. वरचा साज ग्राहकाच्या पसंतीने स्वतंत्र कारागीर चढवीत.

३/
अशी मोटार बाळगणे म्हणजे एक खातेच बाळगणे होते. संस्थानांत जशी पागा आणि हत्तीखाना, तसाच मोटारखाना आला. चालक, मेस्त्री, धुणारे-पुसणारे असा लवाजमा त्यामागे उभा असे. रोल्स-रॉइस कंपनीने तर इंग्लंडात चालकांना शिकवण्यासाठी स्वतंत्र शाळा चालवली. मालक गादीवर बसे. यंत्राचा स्वभाव मात्र मेस्त्रीलाच ठाऊक असे.

४/
पेट्रोल इंजिनाचा तो स्वभाव मोठा हट्टी. आत दर क्षणाला स्फोट होतात. त्यांतून उष्णता, काजळी आणि घर्षण निर्माण होते. म्हणून तेल बदलायचे, झडपा घासायच्या, काजळी खरवडायची, प्लग साफ करायचे, रेडिएटरचे पाणी पाहायचे. गाडी जितकी उंची, तितकी तिची यंत्रणा नाजूक आणि सुटे भाग दुर्मीळ. भाग परदेशातून आगबोटीने येईपर्यंत महिने जात.

५/
याच्या उलट अनुभव देणारी मोटार त्याआधीच रस्त्यावर होती. १९०० साली अमेरिकेत बनलेल्या सुमारे ४,२०० मोटारींपैकी १,५७५ विजेच्या होत्या. पेट्रोलच्या केवळ ९३६. उरलेल्या वाफेच्या. विजेच्या मोटारीला धूर नाही, गिअर बदलण्याची यातायात नाही, सुरू करण्यासाठी लोखंडी हँडल फिरवणे नाही. पेट्रोलची मोटार जगभर स्वस्त करणाऱ्या हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक ही विजेची मोटार चालवीत.

६/
तिच्या देखभालीची रीतही वेगळी होती. अमेरिकी शहरांत विजेच्या मोटारींसाठी खास गॅरेजे निघाली. रात्री मोटार तेथे ठेवायची. बॅटरीत पाणी घालणे, चार्जिंग, धुलाई सारे तेथे होई आणि सकाळी गाडी मालकाच्या दारात उभी राही. महाराजांना मोटारखाना जे सुख देई, ते येथे मासिक शुल्कात मिळे.

७/
बॅटरीची किंमत आणि तिचे अल्पायुष्य ही चिंता तेव्हाही होती. हार्टफर्ड येथील वीज कंपनीने सुमारे शतकापूर्वी त्यावर उपाय काढला: ग्राहकाने विजेचा ट्रक बॅटरीविना घ्यावा, बॅटरी कंपनीने पुरवावी आणि आकार मैलांच्या हिशोबाने द्यावा. ही योजना १९२४ पर्यंत चालली. २०२४ मध्ये भारतात एमजी विंडसर ही मोटार बॅटरी भाड्याने घेण्याच्या पर्यायासह आली, तेव्हा अनेकांना कल्पना नवी वाटली. वस्तुतः ती शंभर वर्षे जुनी होती.

८/
मग विजेची मोटार हरली कशी? १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचा त्रास संपला. फोर्डची मोटार स्वस्त झाली, पेट्रोल मुबलक झाले, गावांना जोडणारे रस्ते झाले. त्या रस्त्यांवर पेट्रोलचा डबा कुठेही नेता येई. चार्जिंगची सोय मात्र शहराच्या वेशीवरच संपे. शिवाय बिघडलेले पेट्रोल इंजिन गावचा लोहारही खटपट करून चालू करी. हे शेवटचे कारण कोल्हापूरला विशेष लागू पडते.

९/
उसाच्या या प्रदेशात नदीचे पाणी मळ्यात चढवायला ऑइल इंजिन हवे होते. ते दुरुस्त करता करता येथील मेस्त्री ते स्वतः घडवू लागले. भट्ट्या पेटल्या, लेथ फिरू लागले, शिवाजी उद्यमनगर उभे राहिले. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत शेकडो फौंड्र्या आणि मशीन शॉप वाढले. आज देशभरातील वाहनांसाठी इंजिनांचे आणि गिअरबॉक्सचे ओतीव भाग, पिस्टन, बेअरिंगे येथून जातात.

१०/
इंजिनाचे वैशिष्ट्य असे, की ते हाताला आणि मापाला कळते. झिजलेल्या बुशाचे माप घ्यावे, लाकडी पॅटर्न करावा, वाळूच्या साच्यात लोखंड ओतावे, लेथवर कातावे. कंपनी बुडाली तरी भाग पुन्हा जन्मू शकतो. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, १९७१ साली तनखे बंद झाले, भारतभर अनेक संस्थानी मोटारी विकल्या गेल्या किंवा गंजल्या. ज्या टिकल्या, त्यांच्यामागे अशी कसबी माणसे होती.

११/
विजेची मोटार भारतात प्रथम नाव कमावती झाली ती २००१ साली, बंगळुरूच्या रेवाच्या रूपाने. तिच्यात शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या होत्या. एका चार्जमध्ये ती जेमतेम ८० किलोमीटर धावे. म्हणजे कोल्हापूरहून निघून कराड गाठता आले असते, सातारा नव्हे. जानेवारी २०२० मध्ये आलेली, पुण्याजवळ रांजणगावात बनणारी टाटा नेक्सॉन ईव्ही ३१२ किलोमीटरच्या प्रमाणित पल्ल्यासह आली. पुणे सुमारे २३० किलोमीटरवर आहे. प्रत्यक्ष पल्ला प्रमाणित आकड्याहून कमी पडतो हे ध्यानात घेतले, तरी अंतर आवाक्यात आले.

१२/
रोजच्या मालकीचा हिशोब आज विजेच्या बाजूने झुकतो. इंजिन ऑइल नाही, प्लग नाहीत, क्लच नाही. मोटर स्वतःच वेग कमी करीत असल्याने ब्रेकही कमी झिजतात. सर्व्हिसिंगच्या दिवशी टायर, ब्रेक, सस्पेन्शन, शीतक द्रव आणि एअर फिल्टर पाहिले की काम बहुतांशी आटोपते. आलिशान पेट्रोल गाडीच्या मालकाला मात्र सुट्या भागांसाठी आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरसाठी आजही मोठ्या शहरांकडे पाहावे लागते. आगबोट गेली, वाट पाहणे राहिले.

१३/
दीर्घकाळाचा हिशोब मात्र निराळा आहे. नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी मिळाली. त्यानंतर काय? लिथियमच्या पेशी वाळूच्या साच्यात ओतता येत नाहीत आणि नियंत्रण करणारे सॉफ्टवेअर लेथवर कातता येत नाही. त्याची किल्ली कंपनीकडे असते. मेबॅक कारखान्यावाचून जगली. आजची विजेची मोटार निर्मात्यावाचून किती काळ जगेल?

१४/
कोल्हापूरसाठी हा प्रश्न पोटापाण्याचाही आहे. विजेच्या मोटारीत पिस्टन नाही, सिलिंडर ब्लॉक नाही. ब्रेकचे, सस्पेन्शनचे भाग लागतीलच. मोटरचे आवरण लागेल, पण ते बहुधा ॲल्युमिनियमचे. लोखंडाच्या भट्टीवर वाढलेल्या गावाला नवा धातू आणि नवी विद्या शिकावी लागेल. ऑइल इंजिन दुरुस्त करता करता ते बनवायला शिकलेल्या गावाला ही वाट अनोळखी नाही. अट एकच : नवे यंत्र उघडून पाहण्याची मुभा असावी.

१५/
भारत सरकारने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, तेव्हा तिच्या कक्षेत मोटारीही आल्या. तो हक्क बॅटरी आणि सॉफ्टवेअरपर्यंत कितपत पोहोचतो, यावर पुढचे बरेच काही ठरेल. गाडी कोणाच्या नावावर आहे हे आर.सी. बुक सांगते. ती बंद पडल्यावर कोणाचे तोंड पाहावे लागते, यावरून तिचा खरा मालक कळतो. दसरा चौकात मेबॅक येते, तेव्हा गर्दी राजवैभव पाहते. त्या गर्दीतला उद्यमनगरचा एखादा मेस्त्री मात्र कान देऊन तिचे इंजिन ऐकत असतो.