राहुटीतला मुक्काम : गोव्याच्या रानात तंबूची तयारी

मराठी भाषेला तंबू मुळीच परका नाही. डेरा, राहुटी, पाल, कनात, शामियाना असे कापडी निवाऱ्याचे अनेक प्रकार तिने नावानिशी ओळखले आहेत. लष्कर ‘डेरेदाखल’ होई, भटके व्यावसायिक गावाबाहेर पाल ठोकत, आणि तंबूची दोरी ताणून धरणारी मेख तर वाक्प्रचारात जाऊन बसली. मात्र हे सारे तंबू कामासाठी होते. निव्वळ आनंदासाठी कापडाखाली रात्र काढण्याची कल्पना त्या मानाने अलीकडची. तिच्या आरंभकाळात टॉमस हायरम होल्डिंग या इंग्रज गृहस्थाचे नाव आदराने घेतले जाते. हा माणूस व्यवसायाने शिंपी होता. कापडाच्या वजनाचा हिशेब त्याला पक्का ठाऊक होता. सायकलवर बांधून नेता येईल इतका हलका तंबू घेऊन तो हिंडला, १९०१ मध्ये त्याने समानधर्मी सायकलस्वारांची संघटना उभी केली आणि १९०८ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. त्याच सुमारास, १९०७ मध्ये, बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर मुलांचे शिबिर भरवले आणि बालवीर चळवळीबरोबर तंबू जगभर पोहोचला.

हलके ओझे आणि पक्की तयारी हे होल्डिंगचे सूत्र आजही लागू आहे. खाट, टेबल, संगीताचे यंत्र, रोषणाई असा सरंजाम पुरवणारे ‘कॅम्पिंग’ सध्या बरेच बोकाळले आहे. तो हॉटेलचाच एक प्रकार समजावा. येथे विचार आहे तो दोन-तीन माणसांनी, पाठीवर मावेल एवढ्या सामानानिशी, एक-दोन रात्रींसाठी केलेल्या साध्या मुक्कामाचा. गोव्यापुरते बोलायचे तर या मुक्कामाचे सुख आणि त्यातले धोके, दोन्ही दमट हवा, जांभा दगड आणि रान या तीन गोष्टींवर अवलंबून असतात.

प्रथम ऋतूचा प्रश्न. जून ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीच्या पायथ्याशी तंबू लावणे शहाणपणाचे नाही. ओढे तासाभरात फुगतात आणि धबधब्यांच्या परिसरात दरवर्षी माणसे बुडतात. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाटासह येतो. अशा वेळी उघड्या सड्यावरचा तंबू म्हणजे विजेला आमंत्रणच. नोव्हेंबराच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ खरा उपयोगाचा. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या तालुक्यांच्या डोंगराळ भागांत तेव्हा रात्री पारा वीस अंशांखाली उतरतो, आकाश स्वच्छ असते आणि जमीन वाळलेली असते. मार्चनंतर रान इतके सुकते की एक ठिणगीही पुरते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात व लगतच्या डोंगरांत ठिकठिकाणी लागलेल्या आगी विझवण्यासाठी नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली होती, हे अजून कोणी विसरलेले नाही.

जागेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव आणि बोंडला ही अभयारण्ये आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तेथे प्रवेशासाठीच परवानगी लागते. मग मुक्कामाची गोष्टच नको. अभयारण्यात आग लावणे हा त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा वन खात्याच्या कार्यालयात आधी चौकशी करून, खाते सांगेल तेथेच आणि तसेच राहावे. दूधसागरकडे लोहमार्गावरून चालत जाण्याचा मोह अनेकांना होतो. तेही रेल्वे कायद्याने निषिद्ध आहे. चोर्ला किंवा अनमोड घाट ओलांडून बेळगाव-कारवारच्या रानात जाणाऱ्यांनी कर्नाटक वन खात्याची परवानगी वेगळी घ्यावी. समुद्रकिनाऱ्याचेही तसेच. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे नेमकी याच महिन्यांत अंडी घालायला येतात आणि दिव्यांनी बिथरतात. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्याला २०१९ पासून कायद्याने मनाई आहे, ती निराळीच.

या साऱ्यातून सरळ मार्ग उरतो तो ओळखीच्या बागायतदाराच्या जमिनीचा. कुळागराच्या कडेला किंवा भातकापणीनंतरच्या मोकळ्या मळ्यात, मालकाला विचारून लावलेला तंबू कोणालाच खुपत नाही. देवराईत किंवा घुमटीजवळ गावकऱ्यांना न विचारता पाऊलही ठेवू नये. कुळागरात शिरल्यावर मात्र पहिली नजर वर टाकावी. माडाखाली तंबू लावणारा माणूस निदान गोव्यात तरी जन्मलेला नसावा! नारळ आणि माडाची वाळकी झावळी रात्री न सांगता येतात. पोफळीची झावळीही कापड फाडण्याइतकी वजनदार असते. पाट सोडण्याची वेळ मालकाला विचारून घ्यावी, नाहीतर पहाटे अंथरुणाखालून पाणी वाहते. ओढ्याचे कोरडे पात्र सपाट आणि मऊ दिसले तरी तेथे झोपू नये.

आता तंबूविषयी. दोघांसाठीचा साधा तंबू अडीच-तीन किलोंच्या आत मिळतो. त्याला दोन थर हवेत : आत जाळीचा आणि वर पाणी अडवणाऱ्या कापडाचा. एकपदरी तंबू स्वस्त असतो, पण गोव्याच्या हवेत तो पश्चात्ताप घडवतो. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात पाव ते अर्धा लिटर पाणी हवेत मिसळते. बाहेरचे कापड दवाने गार झाले की ती वाफ आतल्या बाजूला थेंबांच्या रूपाने साचते आणि पहाटे अंगावर टपकू लागते. पुष्कळदा लोक तंबू गळतो म्हणून दुकानदाराशी भांडतात, तो हाच प्रकार. दोन थरांत पोकळी असली आणि वरचे झरोके उघडे ठेवले तर हे थेंब बाहेरच्या कापडावरच राहतात. कापडाची जलरोधकता मिलिमीटरमध्ये दिलेली असते. पाण्याचा किती उंचीचा स्तंभ ते कापड न पाझरता पेलते, त्याचा तो आकडा. हिवाळी मुक्कामाला वरच्या कापडासाठी १५०० ते २००० पुरतात. तळ त्याहून जाड असावा, कारण गुडघ्याचा दाब पावसापेक्षा जास्त असतो. तळाखाली अंथरायचे प्लास्टिक तंबूच्या कडेबाहेर डोकावता कामा नये. डोकावले तर ते दव आणि पाऊस गोळा करून नेमके अंथरुणाखाली आणते.

तंबूबरोबर मिळणाऱ्या बारीक मेखा मऊ युरोपीय गवतासाठी घडवलेल्या असतात. सड्यावरच्या जांभ्यात त्या दोन ठोक्यांत वाकतात. मळ्याच्या मातीत मेख तंबूपासून दूर कललेली, साधारण ४५ अंशांत ठोकावी. जांभ्यावर तिचा नाद सोडून दोरीचा फास मोठ्या दगडाला घालावा आणि त्यावर दुसरा दगड ठेवावा. त्यासाठी पाचसहा मीटर जादा सुतळी जवळ असावी. ताणता आणि सैल करता येणारी सरकगाठ घरीच शिकून घ्यावी. किंबहुना संपूर्ण तंबूच आधी अंगणात किंवा गच्चीवर दोनदा उभारावा, दुसऱ्यांदा अंधारात. या तालमीत हरवलेली काठी, तुटलेली चेन, अपुऱ्या मेखा हे सगळे उघड होते. मुले घरात असतील तर त्या रात्री तेथेच झोपण्याचा हट्ट होतो, आणि तो पुरवण्यासारखा असतो.

अंथरुणात लोक पांघरुणाचा विचार आधी करतात. खरे तर खालचा थर महत्त्वाचा. जमीन अंगातली ऊब ओढून घेते. फोमची गुंडाळी-चटई आणि एक चादर एवढे गोव्याच्या थंडीला बहुधा पुरे. कोरडे कपडे आणि मोजे पिशवीत बांधून फक्त झोपण्यासाठी राखून ठेवावेत. माणशी दिवसाला स्वयंपाकासह चार-पाच लिटर पाणी धरावे. लिटरमागे किलोभर ओझे वाढते, म्हणून पाण्याजवळची जागा निवडणे आणि ते उकळून घेणे सोयीचे. कपाळाला बांधायचा दिवा, सुरी, काडेपेटी, शिटी, प्रथमोपचाराची पेटी आणि नेहमीची औषधे यांवाचून निघू नये. उरलेल्या वस्तूंबाबत एक जुनी युक्ती उपयोगी पडते : परत आल्यावर न वापरलेल्या वस्तूंची यादी करावी आणि पुढच्या वेळी औषधे व शिटी सोडून त्या घरी ठेवाव्यात.

जेवणाच्या बाबतीत गोमंतकीय घराला काही शिकवण्याची गरज नाही, फक्त नारळाचा मोह आवरावा. ओल्या खोबऱ्याचे वाटण अर्ध्या दिवसात आंबते. पोई पहिल्या दिवशीच संपवावी. दमट हवेत तिला बुरशी धरते. उकड्या तांदळाची पेज, लोणचे, भाजलेला पापड आणि कुळथाचे पिठले यांवर दोन दिवस सुखाने निघतात. उकडा तांदूळ शिजायला वेळ घेतो, म्हणून तो दुपारीच भिजत घालावा. शेकोटीऐवजी छोटी गॅसशेगडी वापरावी, आणि तीही तंबूच्या बाहेर. कापडाला आग लागण्याची भीती तर आहेच. पण बंद जागेतल्या ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.

धोक्यांपैकी दोन नीट समजून घेण्याजोगे आहेत. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर उघड्यावर झोपलेल्या माणसांना चावते. दंश इतका कमी दुखतो की पुष्कळदा माणूस जागाही होत नाही. तळ शिवलेला तंबू आणि पूर्ण ओढलेली चेन यांनी हा धोका जवळजवळ टळतो. केवळ डासांसाठी म्हणून चेन लावणाऱ्यांना हे माहीत नसते. बूट आत घ्यावेत, सकाळी झटकून घालावेत. दंश झालाच तर कापाकापी न करता, घट्ट आवळपट्टी न बांधता, अवयव स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्या जागेवर मोबाइलला रेंज नाही तेथून ती जवळात जवळ कोठे मिळते, हे उजेडातच पाहून ठेवावे.

दुसरा धोका माकडतापाचा. १९५७ मध्ये शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा विषाणूजन्य आजार २०१५ पासून सत्तरी तालुक्यात आढळला आहे. तो गोचिडीच्या चाव्याने पसरतो आणि त्याचा जोर नेमका डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत असतो. पाचोळ्यावर थेट बसू-लोळू नये, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजार मोज्यांत खोचावी, आणि परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून अंग तपासावे. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे. पुढच्या आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना रानातल्या मुक्कामाविषयी न विसरता सांगावे.

एवढी दक्षता घेतली की उरतो तो निवांतपणा. डिसेंबरच्या संध्याकाळी पूर्वेला कृत्तिका आधी दिसतात, मागून मृग आणि त्यामागे व्याध वर येतो. शहरात ज्यांना चारदोन तारे मोजण्याची सवय झाली आहे त्यांना नक्षत्रांतले हे अंतर पाहूनच आश्चर्य वाटते. जेवण आठाला आटोपते, आणि नऊला झोप येते. मधेच भेकराचे भुंकणे ऐकू येते, रातव्याचा एकसुरी ठेका चालू असतो. पहाटे कापडावर टपटप वाजते तो पाऊस नसतो, झाडावरून निथळणारे दव असते. हे ओळखू येऊ लागले की पुन्हा डोळा लागतो. जातिवंत चहा घरीही होतो, पण धनेशाच्या पंखांचा घोंघावता आवाज डोक्यावरून जात असताना घेतलेल्या चहाची सर त्याला येत नाही, असे हा नाद लागलेले लोक सांगतात.

आवरताना कचरा, अगदी साली आणि टिश्यूसुद्धा, पिशवीत भरून परत न्यावा. शौचासाठी पाण्यापासून किमान साठ मीटर दूर वीतभर खड्डा खणून तो मातीने बुजवावा. तंबू सकाळी ओलाच गुंडाळावा लागतो. घरी पोहोचताच तो सावलीत पसरून पूर्ण सुकवावा. ओला राहिलेला तंबू गोव्याच्या हवेत दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके धरतो आणि त्यावरचा जलरोधक लेप सुटू लागतो. मेखा पुसून, मोजून, सैल पिशवीत ठेवाव्यात. काठ्यांच्या आतली लवचीक दोरी सैल पडली असेल तर तीही याच वेळी बदलून घ्यावी.